बावीस टक्के कमी

टेंडर उघडलं त्या दिवशी खरमाटे मला म्हणाले, "दत्तोबा, आज चहा माझ्याकडून." तेव्हाच मी ओळखलं, की माझं काहीतरी मोठं चुकलंय.

आमच्या धंद्यात ज्याला काम मिळतं तो बाकीच्यांना चहा पाजतो. हरलेल्याने जिंकलेल्याला पाजायची पद्धत नाही. हरलेल्याने आपणहून चहा सांगितला, तर तो मयताच्या घरी शेजारी किटलीतून आणून देतात तसला चहा असतो.

अर्ध्या तासापूर्वी आम्ही सहा-सात ठेकेदार बांधकाम खात्याच्या ऑफिसात भिंतीला टेकून उभे होतो. टाकुबाईच्या वाडीला शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. सरकारने कामाच्या खर्चाचा अंदाज काढलेला असतो. आपण ते काम त्यापेक्षा किती टक्के कमीत किंवा जादात करू, एवढं लिहून पाकीट लाखेने बंद करून टाकायचं. ज्याचा आकडा सगळ्यांत खाली, त्याला काम. पाकिटं तीनच आली होती. बेलसरे क्लार्क लाख फोडून वाचत होते.

"खरमाटे. सहा टक्के जादा."

"तांबोळी. चार टक्के जादा."

"डी. बी. सुतार." इथे त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. "बावीस टक्के कमी."

"जादा म्हणायचंय का तुम्हाला?" कुणीतरी विचारलं.

"कमी. अक्षरातही कमीच लिहिलंय."

इस्माईल तांबोळी माझा जुना दोस्त. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दत्तूभाई, शाळा बांधणार आहेस का शाळेचं चित्र काढून देणार आहेस?"

हॉटेलात खरमाट्यांनी चहाबरोबर भजीही सांगितली. बाबासाहेब खरमाटे आमच्या तालुक्यातले सगळ्यांत मोठे ठेकेदार. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारा सुतार होतो, नंतर स्वतःच्या नावाचं लायसन काढलं, त्याला नऊ वर्षं झाली होती.

"वाळू किती लांबून धरलीस?" त्यांनी विचारलं.

"ओढ्यातली."

"त्या ओढ्यात गाळ आहे. वाळू नदीवरून आणावी लागेल, अठरा मैल. पाणी?"

"गावच्या विहिरीचं."

"ती संक्रांतीनंतर कोरडी पडते. मग चार मैलांवरून आणतात, डोक्यावर. ट्रक फाट्यापर्यंत येतो. पुढं गाढवं. कुणी सांगितलं तुला हे विहिरीचं?"

"गावातल्याच माणसाने."

"मी परवा जीप घेऊन गेलो, पारावर बसलो. तासाभरात अख्खं गाव माझ्यापुढं रडून गेलं. म्हणून सहा जादा भरले."

"उघड गेलात?"

"मग काय लुगडं नेसून जाऊ?"

तांबोळी भजी खाता खाता खोकला. खरमाटे पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "सोडून दे. डिपॉझिट जप्त होईल आणि यादीतून नाव जाईल. जाऊ दे. माझ्याकडं परत सेंट्रिंगला ये. तुझ्यासारखा सुतार मला अजून मिळालेला नाही."

ते खरोखर चांगल्या मनाने म्हणत होते. त्यामुळे जास्त लागलं. नऊ वर्षं मी स्वतःच्या नावाची पाटी कामावर लावत होतो. एका कागदापायी ती काढून परत त्यांच्या फळ्या ठोकायला जायचं, एवढंच आता माझ्यापुढे होतं.

आता बावीस टक्के कसे झाले ते सांगतो. त्यासाठी मालनबद्दल सांगायला हवं. मालन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. ही गोष्ट ती असती तर तिनेच सांगितली असती आणि जास्त हसवलं असतं. माझी बाजू मात्र घेतली नसती.

टेंडर भरण्याआधी जागा बघावी लागते. पण त्या काळी आमच्यात जागा उघड बघायला कुणी जात नसे. तुम्ही गेलात हे दुसऱ्याला कळलं, की तुम्हाला काम हवंय हे त्याला कळतं आणि तो आकडा खाली ओढतो. त्यामुळे जो तो काहीतरी निमित्त काढून जायचा. तांबोळी बकरी घ्यायला जायचा. त्याच्याकडे त्यामुळे नको असलेली सात बकरी झाली होती. एक जण तर सप्त्याला म्हणून गेला आणि गावकऱ्यांनी त्याला वीणा देऊन पहाऱ्याला उभं केलं. मी चार दिवस विचार केला आणि मला वाटलं, माझ्याइतकं चांगलं निमित्त कुणालाच सुचलेलं नाही. वाडीला आमच्या जातीचं एक घर होतं, केरबा सुताराचं, आणि त्याला लग्नाची मुलगी होती.

मालन तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "रविवारी वाडीला जाऊ. मुलगी बघायला."

"कुणासाठी?"

"मुरलीसाठी." मुरली तिचा धाकटा भाऊ.

"मुरली मिलिटरीत भरती व्हायला निघालाय. दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही म्हणालाय."

"मग बरंच झालं. नाही म्हणायला कारण तयार आहे."

तिने सुपातून मान वर केली. "म्हणजे शाळेची जागा बघायला जायचंय."

"बघायला काय, आपलं काय जातंय?"

"आपलं काही जात नाही. त्यांचं जातं."

मला ते बायकी बोलणं वाटलं. शेवटी मी म्हणालो, मग शेजारच्या गंगूकाकूंना घेऊन जातो, त्यांना हौस आहे. तेव्हा ती यायला तयार झाली. फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर मी तिला बजावलं, "हे बघ, तू मुलगी बघ, जागा मी बघतो. एकमेकांच्या कामात तोंड घालायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

वैशाखाचे दिवस होते. चढ चढून गेलो तेव्हा केरबाने ओसरीवर घोंगडी टाकून ठेवली होती. त्याचा सदरा परीटघडीचा होता. मी पाणी प्यालो आणि कामाला लागलो.

"गाव कसं काय आहे तुमचं?"

"सोनं हाय," केरबा म्हणाला.

"पाण्याचं?"

"इहीर हाय की. बारा म्हैनं पाणी. पोरं उड्या मारत्यात म्हणून कठडा बांधायचं चाललंय."

"बघून येऊ या?"

"आत्ता नगं. बायका धुणं धुत्यात. सोयरीक करायला आलेल्या माणसानं तिकडं जाणं बरं दिसत न्हाई."

ते बरोबरच होतं. मी वाळूकडे वळलो. "ओढ्याला वाळू असते का हो?"

"लई. का वो?"

मी याची तयारी केलेली नव्हती. "मुरली मिलिटरीत जाणार आहे. त्याला वाळूवर पळायचा सराव लागतो. सासुरवाडीला आला तर..."

"पळू द्या की. दोन मैल वाळूच हाय."

"आणि दगड?"

मालन खोकली. म्हणाली, "दगडावर झोपायचाही सराव असतो त्याला."

"दगूड तर घरामागंच," केरबा म्हणाला. ही एक गोष्ट त्या दिवशी त्याने खरी सांगितली. वरातीचा ट्रक दारापर्यंत येईल का असंही मी विचारलं. तो म्हणाला, "दारापातूर काय, ओसरीवर येतोय."

शाळेची जागा घराच्या मागे शंभर पावलांवर होती. उठून तिकडे जायला निमित्त हवं. म्हणून मी परसाकडं जाऊन येतो म्हणालो. केरबाच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून दिला. माझं एक पाऊल सव्वादोन फुटांचं पडतं, ते मला पक्कं माहीत आहे. लांबी मोजली. परत येऊन बसलो तर रुंदी विसरलो. पुन्हा तांब्या मागितला. तिसऱ्या वेळी केरबाने काळजीने बायकोला ओवा आणायला सांगितलं आणि मला तो खावा लागला. तिसऱ्या तांब्यातलं पाणी मी काटकीने उकरलेल्या खड्ड्यात ओतून बघितलं, मुरूम किती पाणी पितो ते. छान मुरूम होता. पाया फार खोल न्यावा लागणार नव्हता.

मग मुलगी पोहे घेऊन आली आणि पाटावर बसली. तिचं नाव रंजना. वीस-एकवीसची असेल. मालनने नेहमीचं सगळं विचारलं, शाळा किती, शिवण येतं का, मामाचं गाव कुठलं. मी तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होतो. घडीव दगड, मातीत बांधलेला आणि सांधा इतका बारीक की चुना लागलाच नसता. या गावात हातचा गवंडी आहे, म्हणजे मजुरी बाहेरून आणायला नको, असा माझा हिशेब चालला होता. तेवढ्यात केरबा म्हणाला, "पाव्हणं, तुमाला काय इचारायचं आसंल तर इचारा."

मी विचारलं, "ही भिंत किती सालची?"

केरबाने बायकोकडे बघितलं. मग रंजनानेच सांगितलं, "माझ्या पणज्यानं बांधली."

परतीच्या वाटेवर मी बोटांवर आकडेमोड करत होतो. वाळू फुकट, पाणी फुकट, दगड दारात, ट्रक ओसरीवर. फाट्याला पोहोचेपर्यंत अठरा टक्के खाली आलो होतो. खरमाटे या गावाकडे फिरकले असतील तर ते पंधरावर जातील, तांबोळी सतरावर, म्हणून एस.टी.त बसल्यावर आणखी चार खाली गेलो. मालन खिडकीबाहेर बघत होती.

"मुलगी कशी वाटली?" मी रीत म्हणून विचारलं.

"चांगली आहे. तुमची जागा?"

"फार चांगली."

टेंडर भरताना मी तिला काही विचारलं नाही. तिला विचारायची ती गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

भजी खाऊन घरी आलो त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती शिवणाच्या मशिनवर होती. तिने पाय थांबवला.

"पाणी किती लांब म्हणाले खरमाटे?"

"चार मैल."

"वाटलंच मला."

"काय वाटलंच?"

"पहिल्या वेळी तुम्हाला तांब्या भरून दिला. दुसऱ्या वेळी पाऊण. तिसऱ्या वेळी मुलीची आई मागच्या दाराने शेजारणीकडे गेली आणि मागून आणला. भांडी राखेने घासून नुसती पुसून ठेवली होती. आणि पोरीच्या टाळूवरचे केस झिजलेत, एवढ्या वयात. रोज पाच-सहा घागरी डोक्यावर आणल्याशिवाय तसं होत नाही."

"हे सगळं तुला दिसलं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तू मुलगी बघ. मी मुलगी बघितली."

मग तिने विचारलं, "त्या तिसऱ्या तांब्याचं काय केलंत?"

"मुरुमावर ओतला. किती मुरतंय बघायला."

तिने मशिनचं झाकण लावलं आणि उठून आत गेली. दिवे लागल्यावर मीच म्हणालो, "उद्या खरमाट्यांना सांगून टाकतो. येतो म्हणून."

"खरमाट्यांकडे नंतर जा. आधी वाडीला जाऊन सांगा की आम्ही मुलगी बघायला आलोच नव्हतो. ते निरोपाची वाट बघत असतील."

"पत्र टाकू की."

"पोहे खायला पत्र गेलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ. काय बोलायचं ते मी एस.टी.त मनात घोकत होतो. केरबा दाराशी बसून वाकसाने कुळवाचा दांडा तासत होता. आम्हाला बघून उठला नाही. म्हणाला, "या ठेकेदार."

माझं घोकलेलं सगळं गेलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"परसाकडं जाणारा मानूस ढांगा मोजत जात न्हाई," केरबा म्हणाला. "आन् पोट बिघडल्यालं मानूस थाळाभर पोहं खात न्हाई. बसा."

"मग विहीर, वाळू, ट्रक, हे सगळं..."

"शाळंचं टेंडर दोनदा निघालं. जो आला त्याला गावानं खरं सांगितलं, पाणी न्हाई, वाट न्हाई. कुणी भरलंच न्हाई. पोरं देवळात बसत्यात, पावसाळ्यात तिथंच म्हशी आसत्यात. तुमी पाव्हणं म्हणून आलासा. पोरीचा बाप पाव्हण्याला सांगंल व्हय, आमच्यात पाणी न्हाई म्हणून?"

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"तुमी आमाला पोहं खाऊन फसिवलंत, आमी तुमाला पोहं घालून."

मला राग यायला हवा होता. पण मी सुतार आणि तोही सुतार, आणि त्याचा सांधा माझ्यापेक्षा चांगला बसला होता. मी म्हणालो, "माहीत होतं तर मुलगी का दाखवलीत? नुसती जागा दाखवायची."

केरबाने वाकस खाली ठेवला. "तुमी पोरगी बघाय आलो म्हणालासा. म्हटलं, शंभरात एक टक्का खरं आसलंच तर?"

मालन तोवर आत गेली होती. चुलीजवळ बराच वेळ बायकांचं हळू बोलणं चाललं होतं. ती बाहेर आली, पदर खोचला आणि घोंगडीवर बसली. केरबा तिला म्हणाला, "वैनी, मी काय म्हंतो. पोरीचं जमवलं तर आख्खं गाव शाळंला पाणी भरंल."

"पोरीचं आणि पाण्याचं एकत्र बोलायचं नाही," मालन म्हणाली. "पोरीचं काही नाही. माझा भाऊ दोन वर्षं लग्न करणार नाही, हे आम्हाला येतानाच माहीत होतं. ते आमचं चुकलं. आता पाण्याचं बोला. शाळा तुम्हाला हवी आहे का?"

"हवी हाय."

"मग आमचे हे काम सोडून गेले तर कोण बांधणार? खरमाटे? ते सहा टक्के जादा मागताहेत. तेवढे पैसे सरकारनं मंजूर करेपर्यंत तुमच्या पोरांची पोरं देवळात बसतील."

केरबाने वाकस उचलला आणि परत ठेवला. मी आयुष्यात बरीच टेंडरं उघडताना बघितली, पण असं टेंडर नाही बघितलं. दोन-चार म्हातारी माणसं येऊन बसली. केरबाने सुरुवात केली, "दिसाला धा घागरी दिऊ."

"दहा घागरीत मिस्त्री तोंड धुतील."

"वीस."

"ओढ्याला पाणी कधीपासून कधीपर्यंत असतं? खरं सांगा. आता मी पाव्हणी नाही."

एक म्हातारा म्हणाला, "दसऱ्यापास्नं संक्रांतीपातूर. पुढं न्हाई."

"मग दसरा ते संक्रांत काम उरकू. तेवढ्या दिवसांत लागेल तेवढं पाणी गावाने भरायचं, घागरी मोजायच्या नाहीत. दगड गावाने वाहायचा. मिस्त्री देवळात झोपतील, म्हशी बाहेर. वाळू आणि गाढवं आमची."

"आन् भाकरी?" केरबा म्हणाला.

"भाकरी त्यांची त्यांनी. कोरड्यास तुमचं, भाजी-आमटी काय असेल ते."

"कोरड्यास जास्त हुतंय."

"आठवड्यातनं तीन दिवस."

जमलं. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आता सांगा, किती बुडणार?"

मी जमिनीवर काटकीने आकडे मांडले. "नऊ टक्के."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माझी लुना गाडी विकावी लागेल."

"आणि तुमच्या नावाची पाटी?"

"राहील."

"मग चाला पायी. मुरली पळतोयच की वाळूवरनं." म्हातारे हसले. त्यांना सगळं माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

उतारावर आल्यावर मालन म्हणाली, "रंजनाला मी सांगितलं. माझं खोटं मी सांगितलं. म्हणाली, मावशी, आम्हाला तुम्ही गेल्यावर आबांनी सांगितलं. साडी नेसताना मला माहीत नव्हतं."

मी वाटेतला दगड पायाने बाजूला सारला.

"आणखी म्हणाली, ते माझ्याकडे बघतच नव्हते, भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, मी पसंत नाही."

"मग आता?"

"आता काय? तुमचं तुम्ही सांगा. मी तुमच्या वतीनं नाही सांगितलं."

"सांगतो की. काम सुरू होऊ दे."

दसऱ्याला काम सुरू झालं. ओढ्यावरून बायका आणि मुली ओळीने घागरी आणायच्या, हौदात ओतायच्या आणि परत जायच्या. त्या ओळीत रंजना असायची. मी रोज बघायचो आणि रोज ठरवायचो, आज बोलायचं. शनिवारी घरी गेलो की मालन विचारायची, "बोललात?"

"आज पाया होता."

पुढच्या शनिवारी, "आज चौकटी बसवल्या."

"आज गाढववाला भांडला."

"आज साहेब आले होते तपासणीला."

"आज स्लॅब होता."

"रोज कसला तरी असतोच," ती म्हणायची आणि ताट वाढायची.

एकदा मी हौदाजवळ जाऊन उभा राहिलो. रंजना घागर घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. मी म्हणालो, "हौदात ओत." तिने ओतली. एवढंच आमचं बोलणं झालं. नऊ वर्षं मी साहेब लोकांसमोर उभा राहून चुकलं साहेब, पुन्हा नाही होणार, असं शंभरदा म्हटलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्या मुलीसमोर कामाला येत नव्हतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी शाळा उभी राहिली. ओढ्यात तेव्हा घोटाभर पाणी उरलं होतं. खरमाटे मुद्दाम बघायला आले. भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "दत्तोबा, अजून जिवंत आहेस?" मी म्हणालो, "लुना गेली. मी आहे." तेव्हा त्यांनी मला सेंट्रिंगला ये म्हटलं नाही. चहा मी पाजला.

त्यानंतर जागा बघायला मी एकटा कधी गेलो नाही. मालनला घेऊन जायचो, उघड. मी मोजमाप घ्यायचो आणि ती बायकांत जाऊन बसायची. टक्के तिला कळत नव्हते. परत येताना ती दोनच गोष्टींपैकी एक सांगायची, "या गावात मुलगी द्यायला हरकत नाही" किंवा "या गावात मुलगी देऊ नये." हरकत नाही म्हणाली की मी थोडा खाली जायचो. देऊ नये म्हणाली की जादा भरायचो. एका गावाबद्दल ती म्हणाली, "मुलगी द्यावी, पण सासू मरेपर्यंत थांबावं." तिथला सरपंच म्हातारा होता. मी ते टेंडर भरलं नाही. ज्याने भरलं त्याचं बिल सरपंच जाईपर्यंत अडकलं. तेवीस वर्षांत आम्ही पुन्हा बुडालो नाही. खरमाट्यांना हे कळल्यावर त्यांनीही आपल्या बायकोला जीपमधून न्यायला सुरुवात केली. पण त्यांना कुठलंच गाव पसंत पडेना. त्या वर्षी खरमाट्यांना एकही काम मिळालं नाही, आणि मग त्यांनी वहिनींना घरी ठेवलं.

रंजनाचं लग्न शाळा बांधून झाल्यावर आलेल्या वैशाखात झालं, घाटाखालच्या गावातल्या एका एस.टी. मेकॅनिकशी. केरबाने आम्हाला पत्रिका दिली. लग्न नव्या शाळेच्या खोल्यांत होतं. मालनने तिला साडी नेसवली. मी अक्षता टाकल्या आणि जेवायच्या पंगतीत वाढायला मदत केली. तिच्या पानात जिलबी वाढताना मी थांबलो, ती वर बघत राहिली, आणि मागून कुणीतरी मठ्ठा आण म्हणून हाक मारली. मी मठ्ठा आणायला गेलो.

पुढे मालन दर वर्षी एखाद्या वेळी विचारायची. रागाने नाही. घासलेट आणलंत का, तसं. मी म्हणायचो, आता इतक्या वर्षांनी तिच्या लक्षातही नसेल. ती म्हणायची, "तिच्या नसेल. तुमच्या आहे."

आजारपणात शेवटच्या महिन्यात तिने दोन वेळा विचारलं. दुसऱ्या वेळी मी हो म्हणालो, जाऊन आलो, सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं, "घराची भिंत कशी आहे तिच्या?" मला सांगता आलं नाही. ती हसली, आणि तिला खोकला आला म्हणून मी पाणी दिलं.

रंजनाचं गाव इथून एस.टी.ने अडीच तासांवर आहे. सकाळी साडेसातची गाडी थेट जाते. मी अजून गेलेलो नाही.